क्यूओएस लावण्याआधी रांग कुठे लागते ते बघा

इंटरनेटचा वेग मोजला तर आकडा बरोबर येतो. पण कुणी मोबाइलमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले, की चालू कॉलमधला आवाज तुटायला लागतो, चेहरे थिजतात आणि "ऐकू येतंय का?" सुरू होतं. अपलोड संपला की सगळं जागच्या जागी. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली तर "लाइन व्यवस्थित आहे" असं उत्तर येतं, आणि गंमत म्हणजे ते खरंही असतं. तार व्यवस्थित असते, वेग कराराप्रमाणे असतो. घोडं पेंड खातं ते रांगेत.

नेटवर्कवर डेटा छोट्या तुकड्यांत जातो; त्यांना पॅकेट म्हणतात. कुठलं पॅकेट आधी जाईल, कुठलं थांबेल आणि जागा संपली तर कुठलं टाकून दिलं जाईल, हे ठरवण्याच्या सगळ्या खटाटोपाला क्वालिटी ऑफ सर्व्हिस, थोडक्यात क्यूओएस म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये हे नाव बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. ते चालू करून पाहिलेलं असतं, आणि काही फरक पडला नाही म्हणून बंदही केलेलं असतं. फरक का पडत नाही, हे कळलं की निम्मं क्यूओएस कळलं.

रांग तयार कशी होते

इथरनेटवरचं, म्हणजे तारेच्या नेटवर्कवरचं, पूर्ण भरलेलं पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं असतं. आतल्या नेटवर्कचा वेग समजा १ जीबीपीएस (सेकंदाला १०० कोटी बिट) आहे आणि बाहेर जाणारी लाइन १० एमबीपीएसची (सेकंदाला १ कोटी बिट). आतून हे पॅकेट राउटरपर्यंत यायला १२ मायक्रोसेकंद लागतात, बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद. म्हणजे एक बाहेर पडेपर्यंत मागे शंभर येऊन उभी राहू शकतात. ती कुठेतरी ठेवावी लागतात. ती जागा म्हणजे बफर, आणि त्यात एकामागे एक ताटकळणारी पॅकेटं म्हणजे रांग. लाइन भरलेली नसेल तर रांग नसते, आणि रांग नसेल तर क्यूओएसला करण्यासारखं काही उरत नाही. आलेलं पॅकेट लगेच गेलं. त्याला व्हीआयपी म्हटलं काय आणि सामान्य म्हटलं काय, सारखंच.

हा बफर किती मोठा असावा? फार लहान ठेवला तर थोड्याशा झुंबडीतही पॅकेटं फेकावी लागतात. फार मोठा ठेवला तर काय होतं, त्याचा हिशेब करून बघा. १ मेगाबाइटचा बफर म्हणजे सुमारे ८० लाख बिट. १० एमबीपीएसच्या लाइनवर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. बफर भरलेला असताना कॉलमधलं एक चिमुकलं पॅकेट आलं, तर ते या सगळ्यांच्या मागे पाऊण सेकंदाहून जास्त उभं राहणार. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आयटीयूची जी.११४ ही शिफारस आहे. तिच्यानुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलण्यात बहुतेकांना अडचण जाणवत नाही. ८०० झाला की संभाषणाची लय मोडते. दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात.

आणि बफर भरतोच, कारण टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमावलीचा, स्वभावच तसा आहे. फाइल पाठवणारं टीसीपी कनेक्शन वेग वाढवत राहतं, आणि एखादं पॅकेट हरवलं की त्याला कळतं, आता अति झालं. हे शहाणपण ठेच लागून आलेलं आहे. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग गर्दीमुळे ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसपर्यंत घसरला होता. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडले: पॅकेट हरवणं ही गर्दीची खूण समजा आणि हात आखडता घ्या. आजचं टीसीपी त्याच पायावर उभं आहे. फक्त या व्यवस्थेत पॅकेट वेळेवर हरवायला हवं. पुढे मेमरी स्वस्त झाली, पॅकेट हरवणं म्हणजे पाप अशी समजूत रुळली, आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी बफर फुगवत नेले. परिणामी टीसीपीला इशारा मिळेपर्यंत रांग सेकंदभर लांबलेली असते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं. माझ्या मते घरगुती इंटरनेटच्या 'स्लो आहे' या तक्रारींत या एका दुखण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि जास्त वेगाचा प्लॅन घेऊन ते नेहमी जातंच असं नाही.

सगळ्यांच्या गरजा सारख्या नसतात

क्यूओएस मुळात शक्य होतं, ते वेगवेगळ्या वाहतुकीच्या गरजा वेगळ्या असतात म्हणून. आवाजाचं उदाहरण घ्या. जी.७११ हे टेलिफोनीतलं जुनं, सरळ कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी पद्धत, सेकंदाला ५० पॅकेटं पाठवतं. प्रत्येक पॅकेटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट. त्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपी या पाठवण्याच्या नियमावल्यांच्या हेडरचे, म्हणजे पत्त्यासारख्या माहितीचे, ४० बाइट. एकूण २०० बाइट गुणिले ५०, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचं वेष्टण धरलं तर साधारण ८७. आजच्या लाइनींपुढे हा आकडा चिल्लर आहे. पण ही पॅकेटं ठरल्या अंतराने पोचायला हवीत. एक २० मिलिसेकंदांनी आलं, पुढचं ९० नी, त्याच्या पुढचं ५ नी, असं झालं तर त्या चढउताराला जिटर म्हणतात. ऐकणाऱ्या बाजूचं यंत्र थोडी पॅकेटं साठवून हा चढउतार पोटात घेतं, पण किती साठवायचं याला मर्यादा आहे, कारण साठवणं म्हणजे पुन्हा विलंबच. उशिरा आलेलं पॅकेट शेवटी फेकूनच दिलं जातं. कॉलमध्ये 'उशिरा आलं' आणि 'हरवलं' यांत फरक नसतो.

आता रात्रीचा बॅकअप घ्या. त्याला शेकडो गिगाबाइट न्यायचे असतात, पण एखादं पॅकेट अर्धा सेकंद रेंगाळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. एकाला थोडं हवं पण वेळेवर, दुसऱ्याला भरपूर हवं पण केव्हाही. या दोघांना एकाच रांगेत उभं करणं हाच मूळ घोटाळा. आवाजाच्या पॅकेटांना पुढे जाऊ दिलं तर बॅकअपचं जवळपास काहीच बिघडत नाही, आणि कॉल मात्र वाचतो.

सगळ्यांनाच भरपूर आणि वेळेवर हवं असेल तर क्यूओएस हतबल आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्यूओएस एक बिटही जास्तीची बँडविड्थ तयार करत नाही. कुणाला तरी पुढे करायचं म्हणजे कुणाला तरी मागे ठेवायचं, आणि मागे कोण राहणार हे आधी ठरवावं लागतं. बैठकीत प्रत्येक विभाग आपली वाहतूक 'महत्त्वाची' म्हणून लिहून देतो. पूर्ण यादीच महत्त्वाची झाली की क्यूओएस आहे काय आणि नाही काय.

पॅकेटावरचा शिक्का

राउटरला कळणार कसं, की कुठलं पॅकेट आवाजाचं आहे? प्रत्येक आयपी पॅकेटाच्या हेडरमध्ये एक बाइट यासाठी राखून ठेवलेला आहे, अगदी १९८१ च्या मूळ मानकापासून. १९९८ मध्ये त्याची नवी मांडणी ठरली: पहिले सहा बिट डीएससीपी म्हणून वापरायचे. सहा बिट म्हणजे ६४ शक्यता. उरलेले दोन बिट पुढे २००१ मध्ये ईसीएनला मिळाले. पॅकेट न फेकता नुसती खूण करून गर्दीचा इशारा द्यायचा, हे ईसीएनचं काम.

६४ पैकी रोज भेटणारे शिक्के मोजकेच. आवाजासाठी ४६, ज्याला ईएफ म्हणतात. व्हिडिओ कॉलसाठी बहुधा ३४, म्हणजे एएफ४१. काहीच शिक्का नसला तर शून्य, म्हणजे जमेल तसं पाठवा. आणि २०१९ मध्ये आलेला १ हा शिक्का म्हणजे 'मी सगळ्यात शेवटी गेलो तरी चालेल'. हा शेवटचा मला फार आवडतो, कारण तो लावायला मनाचा मोठेपणा लागतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने तो स्वतःहून लावला तर पुढचे निम्मे नियम लिहावेच लागणार नाहीत.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला आकड्यांचा. काही फोनच्या आणि जुन्या यंत्रांच्या सेटिंगमध्ये डीएससीपी न मागता अख्ख्या बाइटची किंमत मागतात. ४६ म्हणजे १०१११०. मागे दोन शून्यं जोडली की तोच आकडा १८४ होतो. अशा रकान्यात ४६ भरलं तर पॅकेटावर ईएफ उमटतच नाही, डीएससीपी ११ असा भलताच शिक्का उमटतो, आणि पुढचा प्रत्येक राउटर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. दुसरा खड्डा वाय-फायचा. वाय-फायमध्ये डब्ल्यूएमएम नावाच्या व्यवस्थेत चारच वर्ग असतात: आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी. अनेक यंत्रं डीएससीपीचे पहिले तीन बिट घेऊन वर्ग ठरवतात. ४६ चे पहिले तीन बिट १०१, म्हणजे ५. आणि वाय-फायमध्ये ५ म्हणजे व्हिडिओ. आवाजाला ६ किंवा ७ लागतो. म्हणजे शिक्का अचूक मारूनही आवाज हवेत व्हिडिओच्या रांगेत जाऊन बसतो. हे जुळवून घेण्यासाठी २०१८ मध्ये वेगळं मार्गदर्शन काढावं लागलं. तुमच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये हे कोष्टक बदलता येत असेल तर ४६ ला ६ शी जोडून टाका.

शिक्क्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. कुठलाही संगणक स्वतःच्या टॉरंटवर ४६ मारू शकतो. म्हणून नेटवर्कच्या कडेला एक सीमा आखतात. टेलिफोनच्या पोर्टवरून आलेला शिक्का मान्य, इतर पोर्टवरून आलेला पुसून शून्य. ही सीमा जितकी कडेला, म्हणजे वापरणाऱ्याच्या जवळच्या स्विचवर, तितकं बरं. आत आल्यावर मग प्रत्येकाची झडती घ्यावी लागत नाही.

पूर्वी पॅकेटावरचा पोर्ट क्रमांक (कुठल्या सेवेसाठी ते सांगणारा आकडा, स्विचचं भोक नव्हे) बघून वाहतूक ओळखायची पद्धत होती. ती आता जवळपास निकामी झाली आहे. वेबसाइट, व्हिडिओ, फाइल, बऱ्याचदा कॉलसुद्धा ४४३ याच पोर्टवरून एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊन जातात. वरून सगळी पाकिटं सारखीच. म्हणून शिक्का जिथे पॅकेट जन्मतं तिथे, म्हणजे ॲपमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मारलेला उत्तम. व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक एन्क्रिप्ट करून नेणारा बोगदा, असेल तर ओळख एन्क्रिप्शनच्या आधी करून घ्यावी, आणि आतल्या पॅकेटाचा शिक्का बाहेरच्या हेडरवर उतरतोय ना, तेवढं तपासावं.

रांगांची मांडामांड

शिक्का कळला की राउटर पॅकेटांना वेगवेगळ्या रांगांत घालतो. सगळ्यात भाबडी पद्धत म्हणजे कडक अग्रक्रम: पहिल्या रांगेत काही असेपर्यंत दुसरीकडे बघायचंच नाही. आवाजासाठी हे आदर्श, पण पहिल्या रांगेत भलतंच काही शिरलं तर बाकीच्यांची उपासमार होते. म्हणून अग्रक्रमाच्या रांगेला कमाल मर्यादा घालतात. राउटर बनवणाऱ्या सिस्कोच्या दुनियेत अशी रांग लाइनच्या एक तृतीयांशाहून मोठी करू नये असा जुना संकेत आहे, आणि तो पाळलेला बरा. नाकापेक्षा मोती जड करून उपयोग नाही.

मर्यादेचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा २० कॉल धरून अग्रक्रमाला २ एमबीपीएस दिले. तिसावा कॉल सुरू झाला तर मागणी ८० केबीपीएसच्या हिशेबाने २.४ एमबीपीएसवर जाते, आणि लाइन भरलेली असेल तर वरचं सगळं फेकलं जातं. पण राउटरला 'शेवटचे कॉल' वेगळे ओळखता येत नाहीत. तो कुठल्याही कॉलचं पॅकेट फेकतो. तीसच्या तीस कॉल खरखरायला लागतात. एकाला नकार न दिल्याने तिसांचं नुकसान. यावर इलाज राउटरमध्ये नसून टेलिफोन यंत्रणेत असतो: ठरल्या संख्येपुढचा कॉल जोडायचाच नाही.

व्हिडिओलाही आवाजाच्याच रांगेत बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. व्हिडिओची पॅकेटं मोठी असतात आणि एकदम झुंडीने येतात. त्यांच्या मागे आवाज अडकला तर अग्रक्रम कशासाठी दिला होता? व्हिडिओला वेगळी रांग आणि बँडविड्थचा ठरावीक वाटा द्यावा; बाकीच्यांत उरलेलं वाटून टाकावं. प्रत्येक पाठवणाऱ्याला स्वतःची रांग देऊन आळीपाळीने सगळ्यांना वाव द्यायची कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच मांडली होती, आणि ती अजूनही तितकीच कामाची आहे.

वेग आवळण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. पोलिसिंगमध्ये मर्यादेच्या वरचं पॅकेट सरळ फेकतात. शेपिंगमध्ये ते थांबवून ठेवतात आणि मर्यादेच्या वेगाने सोडतात. दोन्हींचा हिशेब एकाच पद्धतीने होतो: ठरल्या गतीने टोकन जमा होतात, प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतके टोकन घेऊन जातं, आणि टोकन साठवायला एक कमाल मर्यादा असते. ही मर्यादा फार लहान ठेवली की पोलिसिंग टीसीपीचा गळा घोटतं. झुंड आली की एकदम दहा-वीस पॅकेटं फेकली जातात, टीसीपी घाबरून वेग पाडतं, आणि १० एमबीपीएसची मर्यादा असून प्रत्यक्षात त्याहून बराच कमी वेग मिळतो. बाहेर पाठवताना मी शेपिंगच निवडतो. पोलिसिंग पलीकडून येणाऱ्या दांडगाईसाठी ठेवावं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेलं सगळं नीट केलं, शिक्के बरोबर, रांगा बरोबर, तरी काही फरक पडत नाही, असं कितीतरी ठिकाणी होतं. कारण नियम एका यंत्रात आणि रांग दुसऱ्याच यंत्रात.

राउटर आणि मोडेम (बाहेरची लाइन जिथे जोडतात ते यंत्र) यांच्यात गिगाबिटची केबल असते. मोडेममधून बाहेर जाणारी लाइन २० एमबीपीएसची. राउटरच्या दृष्टीने बाहेरचा रस्ता १ जीबीपीएसचा आहे, मोकळाढाकळा. तो सगळी पॅकेटं धडाधड मोडेमकडे ढकलतो. रांग लागते मोडेमच्या बफरात, आणि मोडेमला तुमच्या नियमांचा गंध नसतो. तिथे आवाज आणि बॅकअप पुन्हा एकाच ओळीत. राउटरमधल्या अग्रक्रमाच्या रांगेला कधी काम पडतच नाही.

उपाय असा, की रांग मोडेममधून उचलून राउटरमध्ये आणायची. त्यासाठी राउटरचा बाहेर पाठवण्याचा वेग मुद्दाम लाइनपेक्षा किंचित कमी करायचा. २० एमबीपीएसची लाइन असेल तर १८ किंवा १९. आता मोडेमकडे जेवढं येतं तेवढं लगेच जातं, त्याचा बफर रिकामा राहतो, आणि गर्दी झालीच तर ती राउटरमध्ये होते, जिथे तुमचे नियम चालतात. मोठ्या राउटरवर हेच दोन थरांत लिहितात: बाहेरच्या पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या संचात, १९ एमबीपीएसचं शेपिंग, आणि तिच्या पोटात आवाज, व्हिडिओ, बाकी अशा वर्गांची पॉलिसी. पोटातली पॉलिसी थेट गिगाबिटच्या पोर्टवर लावली तर ती कायम झोपून राहते. पाच-दहा टक्के वेग सोडून द्यायला लोक कुरकुरतात. पण तो वेग तसाही विलंबाच्या रूपाने तुमच्याच अंगावर येत होता.

डीएसएलची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारी, लाइन असेल तर आणखी थोडं कमी करावं लागतं. तिच्यावर एटीएमची (डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत नेणारी जुनी पद्धत; तुकड्याला सेल म्हणतात) ५३ बाइटची सेल असेल तर त्यात कामाचे ४८ च असतात, आणि राउटरला हे सांगितलं नाही तर त्याचा हिशेब चुकतो.

आत येणाऱ्या वाहतुकीचं काय? तिथली रांग पलीकडे, सेवा देणाऱ्याच्या यंत्रात लागते. तिच्यावर आपला हात पोचत नाही. पण आपल्या राउटरने आत येणारा वेगही लाइनपेक्षा कमी धरला आणि त्यापुढची पॅकेटं अडवली किंवा फेकली, तर पाठवणारं टीसीपी ते ओळखून हळू होतं, आणि पलीकडची रांग ओसरते. हा द्राविडी प्राणायाम आहे, म्हणून इथे जास्त मोकळीक ठेवावी लागते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ८५ ते ९० ने सुरुवात करून हळूहळू वर न्यावं. आणि कुणी मुद्दाम पॅकेटांचा भडिमार करत असेल तर ही युक्ती चालत नाही. तो हळू होणारच नाही.

घरासाठी वेगळा रस्ता

घरात कुणी वर्ग, शिक्के, टक्के ठरवत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी चांगली सोय झालेली आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. आवाजाच्या कोडेकशी तिचा संबंध नाही. तोपर्यंत रांग किती लांब आहे हे मोजलं जायचं. कोडेल पॅकेट रांगेत किती वेळ होतं ते मोजतं. १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत हा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती रांग साचलेली आहे असं समजून पॅकेटं टाकायला सुरुवात करतं. झुंड येऊन लगेच ओसरली तर हात लावत नाही. क्षणभराची गर्दी आणि मुक्कामाला आलेली गर्दी यांतला हा फरक कोडेलने फार छान पकडलाय. आकडे जवळजवळ कधीच बदलावे लागत नाहीत.

याला प्रत्येक प्रवाहाच्या वेगळ्या रांगेची जोड दिली की एफक्यू-कोडेल होतं. थोडीच पॅकेटं पाठवणारा प्रवाह, म्हणजे कॉल, गेम, डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची) चौकशी, यांना त्यात आपोआप पुढे वाव मिळतो. कुणी शिक्का मारलेला नसला तरी. त्याच्याही पुढची पायरी केक, जी २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आली. तिच्यात शेपिंग आतच आहे आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला समान वाटाही देता येतो, म्हणजे एकाने पन्नास कनेक्शनं उघडली म्हणून त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम नावाच्या पॅकेजातून हे चालू होतं, आणि भरायचे ते दोन आकडे: अपलोडचा आणि डाउनलोडचा वेग.

याची किंमत राउटरच्या प्रोसेसरला मोजावी लागते. स्वस्त राउटर मोठे वेग झेपवतात ते हार्डवेअरच्या आडवाटेने, प्रोसेसरला बाजूला ठेवून. शेपिंग चालू केलं की ती आडवाट सहसा बंद होते. मग लाइन ५०० एमबीपीएसची असून राउटर २०० वरच दमतो. तेव्हा आधी यंत्राचा दम बघा.

कचेरीच्या भिंतीबाहेर

एक गैरसमज सगळ्यात चिवट आहे: आपण ४६ मारलं म्हणजे जगभर त्याला मान मिळेल. आपल्या नेटवर्कच्या बाहेर, उघड्या इंटरनेटवर, बहुतेक कंपन्या तो शिक्का पाहत नाहीत, आणि काही तो पुसून टाकतात. मोठ्या संस्था शाखा जोडायला एमपीएलएससारखी, म्हणजे कंपनीच्या खासगी जाळ्यातून जाणारी, लाइन घेतात. तिथे करारात वर्ग लिहिलेले असतात आणि शिक्क्याला किंमत असते; पण तीही करारातल्या आकड्यापुरतीच.

सगळ्या इंटरनेटवर हमी देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९९७ मध्ये आरएसव्हीपी हे मानक आलं: वाटेतल्या प्रत्येक राउटरवर आधी जागा राखून ठेवायची. मधल्या मोठ्या राउटरांना लाखो प्रवाहांची नोंद ठेवणं झेपणारं नव्हतं, म्हणून कडेला शिक्का मारून मध्ये नुसता तो वाचायची पद्धत पुढे आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या इंटरनेट२ या जाळ्याने खास अग्रक्रमाची सेवा देऊन पाहिली, आणि २००२ मध्ये तिथल्याच अभियंत्यांनी ती का रुजत नाही याची कारणं मांडली. त्यातलं एक कारण अगदी व्यवहारी आहे. लाइन मोकळी असताना या सेवेने मिळत काही नाही, आणि लाइन सतत भरलेली असेल तर ती वाढवणंच सोपं पडतं.

तोच निकष तुमच्या लाइनलाही लावता येतो. गर्दी येते-जाते, अशी लाइन क्यूओएससाठी योग्य. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुडुंब वाहणारी लाइन वाढवूनच घ्यावी लागते.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

लाइन मोकळी असताना पिंग लावा (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) आणि वेळ बघून ठेवा. समजा २० मिलिसेकंद आली. आता मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंग चालूच ठेवा. वेळ ३०० किंवा ८०० वर गेली तर रांग अजून भलत्या ठिकाणी आहे. शेपिंगचा आकडा थोडा कमी करा, पुन्हा बघा. २५-३० च्या आसपास स्थिरावली की जमलं. मग डाउनलोडसाठी हेच सगळं पुन्हा. ही चाचणी गर्दीच्या वेळीही घ्यावी, कारण केबल आणि मोबाइल नेटवर्कवर मिळणारा वेग तासातासाला बदलतो. मोबाइल नेटवर्कवर तर एक पक्का आकडा सापडतच नाही. तिथे वेग मोजून आकडा आपोआप हलवणारी स्क्रिप्ट लावतात, नाहीतर सगळ्यात वाईट वेळेचा आकडा धरून बाकी वेळचा वेग सोडून देतात.

मोठ्या राउटरवर याच्या जोडीला प्रत्येक वर्गाचे मोजणीचे आकडे बघा. आवाजाच्या वर्गात शून्य पॅकेटं आणि 'बाकी' या वर्गात लाखो, असं दिसलं तर रांगांना दोष देऊ नका. ओळखच चुकतेय, शिक्का वाटेत कुठेतरी पुसला जातोय. प्रत्येक टप्प्यावर पॅकेट पकडून डीएससीपी बघत गेलं की पुसणारा सापडतो, आणि बरेचदा तो मधलाच एखादा स्विच असतो, ज्यावर शिक्क्यांवर विश्वास ठेवण्याची सेटिंग केलेलीच नसते. आवाजाच्या वर्गात पॅकेटं येताहेत पण फेकलीही जाताहेत, असं असेल तर मर्यादा कमी पडतेय किंवा त्या वर्गात आवाजाखेरीज कुणीतरी शिरलंय.

शेपिंगचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, तारखेसकट. कारण वर्षभराने कुणीतरी २० ची लाइन १०० ची करून घेतं, राउटरमध्ये मात्र १९ तसाच बसलेला असतो, आणि सगळे मिळून नवीन लाइनमध्ये दोष शोधत बसतात.